ब्रेकमास्तरांची अर्धी वाक्यं

आंघोळ करून केस पुसत ब्रेकमास्तर बाहेर आले आणि म्हणाले, "अगं, माझा तो निळा..."

"इस्त्रीला दिलाय. पांढरा घाला," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

आणि सोफ्याच्या कोपऱ्यातून आवाज आला : टिक.

तिथे त्यांची मुलगी पाय पोटाशी घेऊन बसली होती. एक हात खिशात, नजर समोरच्या भिंतीवर. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. प्रवेश घेताना मास्तरांनी तिला विचारलं होतं, की हे शिकून होतं काय. "माणसं कळतात, बाबा," ती म्हणाली होती. मास्तरांना ते उत्तर तेव्हाच जरा धोक्याचं वाटलं होतं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून बसण्यात मास्तरांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि त्यावरूनच विद्यार्थ्यांनी त्यांना हे नाव बहाल केलं होतं. साहजिकच, काहीतरी वाईट होणार आहे हे त्यांना इतरांच्या आधी जाणवायचं.

"आज मी जरा..." त्यांनी शर्टाची बटणं लावत सुरुवात केली.

"उशिरा येणार, ठाऊक आहे. किल्ली घेऊन जा."

टिक.

मास्तर थबकले. त्यांनी खोकून पाहिलं. काही नाही. खुर्ची सरकवली. काही नाही. मग सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "ते कालचं..."

"बिल भरलंय."

टिक.

मास्तरांनी मुलीच्या खिशाकडे पाहिलं. पोरगी मोजत होती. त्यांनाच मोजत होती, आणि काय मोजत होती हेही आता उघड होतं. मास्तरांचं एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

मागच्याच आठवड्यात तिने स्मरणशक्तीचा धडा मोठ्याने वाचला होता. पेपर वाचण्याचं सोंग करून मास्तरांनी तो ऐकला होता. आधी शब्द सुचेनासे होतात, वाक्यं अर्धवट राहतात, आणि रुग्णाला स्वतःला ते जाणवत नाही. हे शेवटचं वाक्य आता आठवून मास्तरांनी क्षणभर सुटकेचा श्वास सोडला. आपल्याला तर जाणवतंय. पण मग लक्षात आलं, की टिक ऐकेपर्यंत कुठे जाणवत होतं?

बाथरूमचं दार लावून त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. रस्त्यावरच्या सगळ्या खुणा ओळीने म्हणून दाखवल्या. एकही चुकली नाही. पण त्याच धड्यात पुढे असंही होतं, की पाठ केलेल्या जुन्या गोष्टी सगळ्यात शेवटी जातात.

उपाय एकच होता. वाक्य सुरूच करायचं नाही. रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी तोंड शिवलं. जरा मान वर केली.

"मीठ ना? हे घ्या," बायको म्हणाली.

टिक.

त्यांनी नुसता श्वास घेतला.

"पंखा वाढवते."

टिक.

न बोलताही आजार वाढत होता.

दुसऱ्या दिवशी गाडीत एक दाताच्या डॉक्टरीणबाई शिकायला होत्या. तोंडात यंत्र घालताना ज्यांचा हात हलत नसे, त्या बाई स्टिअरिंग मात्र पुरात ओंडका धरावा तसं धरायच्या. मास्तरांनी अर्धं वाक्य बोलण्यापेक्षा खुणांनी शिकवायचं ठरवलं होतं. चौकातलं वर्तुळ आलं तसं त्यांनी बोट दाखवलं.

"काय झालं, मास्तर?" बाई बोटाकडे बघत म्हणाल्या.

मास्तरांनी बोट आणखी जोरात दाखवलं. बाई आणखी निरखून बोट बघू लागल्या. तोवर गाडी वर्तुळाच्या कठड्यावरून फुलझाडांत शिरली होती. मास्तरांनी ब्रेक दाबला, पण तो झेंडूंच्या उपयोगाचा नव्हता.

"मला वाटलं, बोटाला लागलंय," बाई म्हणाल्या.

स्कूलच्या मालकांनी बंपरमधली माती काढत विचारलं, "मास्तर, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला हल्ली..." मास्तर म्हणाले आणि घाबरून गप्प झाले.

मालकांनी वाट पाहिली. मग खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरला दाखवा. तोवर घरी बसा. त्या सीटवर मला बोलणारा माणूस लागतो. वाईट वाटून घेऊ नका."

मास्तर चालत घरी आले. मुलगी सोफ्यावरच होती. ते तिच्यासमोर बसले.

"खरं सांग. कितपत बिघडलंय?"

"काय बिघडलंय?"

"माझं डोकं. तू खिशात मोजतेस ते मला कळलंय. माझी नोकरी जायची वेळ आलीय, आता लपवू नकोस."

मुलगी आधी गोंधळली, मग तिचा चेहरा पडला. तिने खिशातून अंगठ्याने दाबायचा छोटा काउंटर काढला. "बाबा, तुम्हाला नाही मोजत मी. आईला मोजतेय. ती दुसऱ्याचं वाक्य किती वेळा पूर्ण करते, ते. कॉलेजचं प्रॅक्टिकल आहे."

"मी?" आई हात पुसत बाहेर आली. "मला न विचारता?"

"विचारलं होतं. मी म्हटलं, आई, मी तुझ्यावर... 'प्रयोग करतेय' म्हणायच्या आतच तू म्हणालीस, रागावलेली नाहीस ना, मग झालं, जा."

मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. ते हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे मी ठणठणीत आहे. हिच्यामुळे झेंडू मेले."

"असं का? मग आजपासून मी तोंडच उघडत नाही," बायको म्हणाली आणि समोर येऊन बसली. "करा तुमची तुम्ही वाक्यं."

"चालेल. फार बरं होईल," मास्तर ऐटीत म्हणाले. "आता उद्या सकाळी मालकांना जाऊन सांगतो, की मला काहीही झालेलं नाही, फक्त माझ्या घरी..."

ते थांबले. सवयीने थांबले. बायको ओठ मिटून बघत होती.

"फक्त माझ्या घरी..."

फ्रीजची घरघर ऐकू येऊ लागली. पुढचा शब्द कुठेतरी असणार, पण मास्तरांवर तो शोधायची वेळच लग्नापासून कधी आली नव्हती. ते वाक्य या वळणापर्यंत आणून सोडायचे. पुढे ते दुसरंच कोणीतरी घरी पोचवायचं.

"याला तुमच्यात काय म्हणतात गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"ते आम्हाला अजून नाही, बाबा. पुढच्या वर्षाला आहे."

"मग पुढच्या वर्षाचे ते..." मास्तर घाईने म्हणाले.

मुलगी वाट पाहत राहिली. बायको वाट पाहत राहिली. मास्तरही वाट पाहत राहिले.