शांतवनभाऊचा बिनाटेन्शन नाताळ

कागदाची चांदणी करायला बसवण्याआधी माझ्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. चांदणी झाल्यावर त्यानं पुन्हा मोजलं. आधी एकशे चाळीस होतं, नंतर एकशे अठ्ठावन्न निघालं. त्यानं कपाळाला हात लावला, खिशातून कागद काढला आणि ‘चांदणी’ या शब्दावर आडवी रेघ मारली. मी म्हटलं, चांदणीत काही खोट नाही, तुम्ही घड्याळ घेऊन माझ्या डोक्यावर उभे राहिले म्हणून चढलं. पण ऐकायची त्याला सवय नव्हती. सवय होती ती दुसऱ्याला विचारायची, ताप किती दिवसांपासून आहे म्हणून.

हा शांतवनभाऊ. गोंदियाजवळच्या गोरेगावात आमच्या घराला लागून त्याचं घर. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, म्हणून लिहिताना अरेतुरे करते. तोंडावर ‘भाऊ’ आणि ‘तुम्ही’च म्हणत होते. आरोग्यसेवक म्हणून त्याची सारी नोकरी सायकलवर गेली. कधी कामठा, कधी दवनीवाडा, शेवटी गोरेगाव. तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, घरोघरी फवारणी करवायची, लेकरांना पोलिओचे थेंब पाजायचे आणि निघताना भिंतीवर तारीख टाकायची. दारात आला की म्हणायचा, "घाबराचं काम नाही." हे ऐकलं की न घाबरलेला माणूसही घाबरायचा. लेकरं त्याला डोसवाले आबाजी म्हणत आणि तो दिसला की पळत सुटत.

रिटायर झाला तरी खोड गेली नाही. कोणाकडे चहा घेतला की जाताना दाराजवळ खडूनं तारीख टाकणार. माझी सून सुनंदा दर पंधरवड्याला भिंत पुसायची. चहासुद्धा उभ्यानं प्यायचा. बसा म्हटलं की जरा बूड टेकवायचा आणि लगेच उठून माठाचं झाकण नीट लावायचा. आमच्या घरात माठ आहे की नाही हे मला आठवावं लागे, त्याला नाही.

आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर हे एकच. रविवारी बसनं गोंदियाला चर्चला जायचा. पण नाताळ आला की सारी गल्ली त्याच्या हाताखाली. पहिल्या तारखेपासून रंगरंगोटी, फराळाचे सात प्रकार, तीन गल्ल्यांत ताटं वाटायची. ताटं कोणाला द्यायची याची यादी तो करायचा आणि ताटात घालायचं सारं त्याची बायको सुलोचना करायची. त्या महिन्यात ती मला चुलीपुढेच दिसायची. मी तिच्या मदतीला जायची. तो दर अर्ध्या तासानं दारातून डोकं घालून विचारायचा, किती झाले.

अशाच एका नाताळच्या आदल्या दिवशी करंज्या तळता तळता सुलोचना पडली. गोंदियाला नेईपर्यंत एक बाजू गेली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. पुण्याला नोकरी करणारा तिचा एकुलता एक लेक, विनय, मातीला आला आणि गेला. पुढचा नाताळ गेला, तो आला नाही.

त्यानंतरच्या वर्षी, दोन हजार आठ साल असेल, नोव्हेंबरच्या शेवटी विनयचा फोन आला. भाऊच्या घरात मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून तो आमच्या ओट्यावर उभा राहून बोलायचा. ओरडून बोलायचा, त्यामुळे बातमी साऱ्या गल्लीला एकदमच समजली. विनय बायकोला आणि मुलीला घेऊन तेवीस तारखेला येणार होता. फोन ठेवल्यावर भाऊ माझ्याकडे वळला. विनयनं एक अट घातली होती.

"धावपळ दिसली तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं वापस, म्हणे," भाऊ हसत म्हणाला. पण मोबाईल त्याच्या खिशात जात नव्हता. दोनदा बाहेरच पडला.

दुसऱ्याच दिवशी तो कागद घेऊन हजर. यंदाचा नाताळ बिनाटेन्शन. घरच्या सगळ्यांनी मिळून करायची सोपी सोपी कामं, रोज एक. बावीस कामं बावीस दिवसांत तपासून घ्यायची आणि ज्यात कोणाचं बीपी चढत नाही तेवढीच विनयसमोर करायची. भाऊच्या घरी तपासायला माणसं नव्हती. आमच्या घरी होती. मी, माझा मुलगा, सुनंदा आणि आठ वर्षांची नात प्रणाली.

मी म्हटलं, आमचं धान अजून खळ्यात पडून आहे.

"वहिनी, घाबराचं काम नाही. दहा मिनिटांचं काम. टेन्शन घ्याचंच नाही."

"मंग तुम्ही काऊन घामेजून राहिले थंडीत?"

त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि बीपीचा पट्टा उलगडायला घेतला.

चांदणीचं सांगितलंच. मग गोठा. बाळ येशूचा गोठा करायला आमच्या खळ्यातली तणस घेतली. तणस म्हणजे धानाचा पेंढा, आमच्याकडे त्याला तोटा नाही. भाऊनं ती वीतभर मोजून सारखी कापायला लावली. प्रणाली म्हणाली, गाय सारखी कापून खाते का. भाऊ म्हणाला, प्रश्न बरोबर आहे. तरी सारखीच कापवली. सुनंदाचं बीपी वर गेलं, गोठ्यावर रेघ.

मग गाणं म्हणत तांदूळ निवडायचे. गाणं त्याचं, तांदूळ आमचे. गाणं एका लयीत आणि खडे दुसऱ्या लयीत, दोन्ही जुळेना. तो मांडीवर थाप मारून म्हणायचा, हसत, हसत. माझा मुलगा हसला, पण ते हसणं वेगळं होतं. रेघ.

एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून फिरायला जायचं ठरलं. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांतून चालायला छान वाटते, हे खरं. पण भाऊनं आम्हाला एकामागे एक उभं केलं आणि पुढे तो. वाटेत प्रत्येक डबकं आणि प्रत्येक हौद वाकून पाहायचा. फिरणं राहिलं बाजूला, आम्ही डासांच्या अळ्या मोजून परत आलो. एका शेतकऱ्याच्या हौदावर तारीखही टाकली.

सगळ्यात सोपं काम म्हणजे गोष्ट सांगायची. चटईवर बसून ख्रिस्तजन्माची गोष्ट. सुरुवात चांगली झाली. मरियाला नववा महिना, गावात जागा नाही, शेवटी गोठा. इथे भाऊचा आवाज बदलला. गोठ्यात बाळंतपण, म्हणाला. शेणमुताची जागा. गरम पाणी नाही, सुईण नाही, नाळ कशानं कापली कोणास ठाऊक, धनुर्वात व्हायला वेळ लागत नाही. प्रणालीनं विचारलं, मग बाळाला डोस दिला का. भाऊनं बोटांवर वर्षं मोजली. तेव्हा लस निघाली नव्हती, असं पडल्या आवाजात सांगून तो गोष्ट अर्धी टाकून घरी गेला. त्या दिवशी चढलं ते त्याचंच. मेंढपाळ आणि तीन ज्ञानी लोक आले की नाही, ते प्रणालीला अजून माहीत नाही.

एकवीस तारखेपर्यंत साऱ्या कागदावर रेघा झाल्या. एकच काम उरलं होतं. ‘काही न करणे, अर्धा तास.’

दुपारी तो आणि मी आमच्या ओट्यावर उन्हात बसलो. त्यानं घड्याळ मांडीवर ठेवलं. मी शेंगा फोडत होते, तर म्हणाला, हे पण नाही करायचं. मी शेंगा ठेवल्या. तीन मिनिटं झाली असतील. तो उठला, आमची पाण्याची टाकी पाहून आला, बसला. पुन्हा उठला, फाटकाची कडी लावली, बसला. पुन्हा उठायला लागला तेव्हा मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"भाऊ, कामं सारी सोपी आहेत. अवघड तुम्ही आहात. विनय आला का पहिल्या घंट्यात त्याले समजते. बसा म्हणते ना मी."

"बसलो का डोळ्यापुढे दिसते, वहिनी."

"काय दिसते?"

तो घड्याळाकडे पाहत बोलला. "साऱ्या तालुक्याचं बीपी मोजलं मी. तिचं नाही मोजलं. त्या दिवशी सकाळी म्हणे, डोकं लय दुखून राहिलं. मी म्हटलं, आधी करंज्या होऊ दे, मंग पाहू."

अशा वेळी लोक म्हणतात, तुमचा काय दोष, तिचं तेवढंच होतं. मला तसं म्हणता येत नाही. मी त्या दिवशी तिथे होते. तिचं डोकं दुखतंय हे मलाही माहीत होतं आणि मीही लाटतच बसले होते.

मी विचारलं, हे विनयला माहीत आहे का. त्यानं मान हलवली. नाही.

मी म्हटलं, मग हा कागद फाडा. त्याला धावपळ दिसो की न दिसो, हे सांगितल्याशिवाय तुमच्या घरात कोणालाच निवांत बसता येणार नाही. त्यानं कागद फाडला नाही, घडी करून खिशात घातला आणि घरी गेला. अर्धा तास काही झाला नाही.

तेवीसला ते लोक आले. घर जसं होतं तसंच होतं. ना रंग, ना फराळ. भाऊ दारातल्या खुर्चीत साहेबाच्या तपासणीला बसल्यासारखा बसला होता. हात मांड्यांखाली दाबलेले. विनय घरभर फिरून आला. त्याची बायको रीना चांगली मोकळी मुलगी, तिनं स्वतःच चहा केला. दोघं बापलेक एकाच खोलीत बसून वेगवेगळ्या भिंतींकडे पाहत होते, असं ती मला नंतर म्हणाली.

चोवीसला सकाळी विनयनंच कढई काढली. मुलीला आजीच्या करंज्या खायच्या होत्या म्हणे, आजीला तिनं नीट पाहिलंही नव्हतं. वीस-पंचवीस करू, म्हणाला, जास्त नाही. रीनानं खोबऱ्याचं सारण केलं. पीठ लागेल का विचारायला मी गेले होते, तर भाऊ सैपाकघराच्या बाहेर उभा. आत जात नव्हता आणि दुसरीकडेही जात नव्हता. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

आत विनयनं पहिली करंजी भरली आणि हातात धरून बसला. त्याला कड दुमडता येईना.

"पप्पा, आई मुरड कशी घालायची?"

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होती, पण प्रश्न मला नव्हता.

"मले नाही मालूम," तो म्हणाला. मग दारात एक पाऊल पुढे सरकून म्हणाला, "कधी पाहिलंच नाही, विनय. तिचं काहीच नाही पाहिलं मी. त्या दिवशी ती म्हणे डोकं दुखते. मशीन इथंच खुंटीला होती. मी नाही मोजलं. करंज्या होऊ दे म्हटलं."

रीनानं गॅस बारीक केला. विनय हातातल्या करंजीकडे पाहत राहिला. कड दाबत होता, दाबत होता, सारण बोटांना लागलं तरी दाबत होता. मला वाटलं, आता हा उठेल आणि बॅग भरेल. भरली असती तरी मी त्याला नावं ठेवली नसती.

भाऊ तिथंच होता. आयुष्यभर लोकांच्या घरात न विचारता शिरलेला माणूस आपल्याच सैपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "मी येऊ का आत?"

विनयनं पोळपाट जरा सरकवला. भिंतीकडे एका माणसाची जागा झाली.

भाऊ खाली बसला. गुडघे वाजले. विनयनं वर न पाहता मला म्हटलं, मावशी, तुम्ही दाखवा आता. मी दोघांच्या मधे बसले आणि दाखवलं. कड चिमटीत धरायची, आत वळवायची, दाबायची, पुन्हा चिमटीत धरायची. घाई केली तर उसवते. विनयला दोन करंज्यांत जमलं. भाऊची बोटं सुईला सरावलेली, पिठाला नाही. त्याची पहिली करंजी तेलात पडली तशी फुटली. सारण साऱ्या कढईभर काळं होऊन फिरायला लागलं.

तो उठायला गेला. काय करायला, त्यालाच माहीत. विनयनं फुटलेली झाऱ्यानं काढली, तोडली, अर्धी आपल्या तोंडात टाकली आणि अर्धी बापाच्या तळहातावर ठेवली.

"गरम आहे," म्हणाला. "हळू खा."

भाऊ पुन्हा खाली बसला आणि बराच वेळ तिच्यावर फुंकर घालत राहिला.