घडी घातलेला वास

सकाळी चहाचा कप घेऊन तो बाल्कनीत गेला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. पिशव्या गायब! काल दिवसभर कचरा डेपोवर उन्हात उभं राहून त्याने पंपाने सहा पारदर्शक पिशव्यांत तिथली दुर्गंधी भरून आणली होती. परत येईपर्यंत प्रयोगशाळा बंद झालेली, म्हणून पिशव्या घरी बाल्कनीत ठेवल्या. आज अकराला चार माणसं त्या रीतसर हुंगणार आणि वास किती ते ठरणार. त्याची नोकरी अजून कच्ची होती. "एक जरी नमुना हुकला, तर उद्यापासून येऊ नका," असं प्रयोगशाळेच्या मॅडमनी बजावलं होतं.

"आई, माझ्या पिशव्या?"

"फुगून नुसती जागा अडवत होत्या. हवा काढली, पुसल्या, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवल्यात. चांगल्या जाड आहेत हो!"

"हवा कुठे काढलीस?"

"स्वयंपाकघरात. तेव्हापासून काय वास सुटलाय मेला! शेजारच्या काकू विचारून गेल्या, उंदीर मेलाय का म्हणून."

त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. साडेनऊ वाजले होते आणि डेपो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. शेवटी त्याने मनाची समजूत घातली: वास तोच आहे, फक्त घरात पसरलाय. त्याने खिडक्या लावल्या, पंप सुरू केला आणि पिशव्या पुन्हा भरल्या. आईने तोवर फरशीवर फिनेल आणि ओट्यावर व्हिनेगर ओतलं होतं, बाबा तिथेच बसून गुडघ्याला मलम चोळत होते. पण डेपोवर राहून राहून त्याच्या नाकाला कसलाच पत्ता लागत नव्हता.

अकराला प्रयोगशाळेत पहिल्याच पिशवीला एक बाई खुर्ची सोडून उठल्या. दुसरीला एका काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, हजार पट पातळ केलं तरी झोंबतंय!" तो कोपऱ्यात घाम पुसत उभा. आता काही खरं नाही, असं त्याला वाटलं.

दुपारी मॅडम कागद नाचवत बाहेर आल्या. "शाब्बास! वीस वर्षांत असला वास हुंगला नाही. डेपोत काहीतरी भयंकर सडतंय. महापालिका आजच ती जागा खणतेय."

नोकरी वाचली! त्याच्या जिवात जीव आला. "चला ना मॅडम, मी जागा दाखवतो." कुठलाही ढिगारा दाखवला तरी चालणार होतं.

"छे, तुम्ही कशाला? जिथे हवा भरली त्या जागेची जीपीएस नोंद पंपातच होते. ते आकडे मी तसेच पाठवले. खोदाईची गाडी तासाभरापूर्वीच निघाली."

तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

"अरे, खाली दहा-बारा माणसं आलीत मशीन घेऊन. विचारतायत, कितव्या मजल्यावर खणायचं?"