डॅशबोर्डाची उत्तरपूजा

ट्रकचा डॅशबोर्ड दुरुस्त करणं म्हणजे काही हृदयाची शस्त्रक्रिया नव्हे! स्क्रू काढायचे, भेगेत चिकटवायचा मसाला भरायचा, स्क्रू लावायचे, संपलं. हे मी अशोकभाऊजींना देवासच्या त्यांच्या अंगणात, हातात चहाचा कप धरून, इतक्या ठामपणे सांगितलं की त्यांनी लगेच पाना आणून दिला. माझा चहासुद्धा संपू दिला नाही.

अशोकभाऊजी म्हणजे माझ्या जयवंतीताईचे यजमान. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा जुना ट्रक घेतला आणि मंडीत सोयाबीन वाहायला सुरुवात केली. डॅशबोर्डाला स्टिअरिंगपासून डाव्या दारापर्यंत भेग पडलेली. गाडी सुरू झाली की असा खडखडाट, जणू पत्र्याच्या पिंपात बसून कुणी वरातीचा बँड वाजवतंय! भाऊजींना सवय होती. मला नव्हती. माझ्या भाचीचं, जान्हवीचं, परवा धारला लग्न होतं आणि उद्या रुखवत घेऊन याच ट्रकमधून मला धारपर्यंत जायचं होतं.

"मेकॅनिक म्हणतो, लग्नानंतर आणा," भाऊजी म्हणाले.

"मेकॅनिक कशाला? मी व्हिडिओ पाहिलाय!"

मी पहिल्या स्क्रूला हात घातला, तोच ताई ओरडली, "थांब रे! गणपती बसलेत तिथे!"

डॅशबोर्डाच्या मधोमध पितळेचे छोटे गणपती होते. गाडी आली त्या दिवशी गुरुजींना बोलावून, मंत्र म्हणून बसवलेले. आणि ताईच्या सासरचा नियम असा की बसवलेला देव उत्तरपूजेशिवाय जागचा हलवायचा नाही. मग तो देवघरात बसलेला असो, नाहीतर गिअरच्या दांड्यासमोर.

मग ताई डोक्यावर पदर घेऊन केबिनमध्ये चढली. अक्षता वाहिल्या, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला आणि गणपतींना ताम्हणात घेऊन खाली उतरली. उतरता उतरता तिला जान्हवीची पाठवणी आठवली आणि डोळ्यांना धार लागली.

समोरच्या मालनबाई फाटकात उभ्याच होत्या. "काय झालं हो जयवंतीबाई?"

"काही नाही. बाप्पांना गाडीतून घरी आणलं."

"अगोबाई! लग्नासाठी?"

"हो ना. लग्नाआधी एकदाचं आटपलेलं बरं." आणि ताईने डोळे पुसत त्यांच्या हातावर दहीपोह्यांचा प्रसाद ठेवला.

ताई एक शब्द खोटं बोलली नव्हती. पण आमच्याकडे गाडी विकली की जुना मालक आधी देव उतरवून घरी नेतो आणि मगच किल्ली देतो, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! मालनबाईंनी प्रसाद खाल्ला, हळहळल्या, आणि घरी जाऊन धारच्या बहिणीला फोन केला. ही बहीण राहते नेमकी जान्हवीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या, कृष्णरावांच्या, शेजारी.

इकडे मी डॅशबोर्ड उपटला. त्यामागून वायरींचा असा गुंता बाहेर आला, जणू ट्रकने शेवयाच खाल्ल्या होत्या! मी डॅशबोर्ड अंगणात आणून सावलीतल्या चौरंगावर उपडा ठेवला आणि भेगेत मसाला ओतला. भरपूर ओतला. कंजूषपणा आपल्याला जमत नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रकवाले ओरडून गेले, "अशोक भिया! किसको दे दी? हमको तो बोलना था यार!"

"काय द्यायचं होतं यांना?" भाऊजींनी मला विचारलं.

"पत्रिका राहिली असेल," मी म्हणालो.

मग कृष्णरावांचा फोन आला. कृष्णराव निवृत्त मुख्याध्यापक. नारळ आणि मुलगी, याखेरीज काही घेणार नाही, असं त्यांनी धारभर सांगितलेलं. भाऊजींनी फोन स्पीकरवर टाकला.

"अशोकराव, लग्नापायी गाडी विकलीत?"

"छे! विकली नाही हो!"

"मला बरं वाटावं म्हणून लपवू नका! आमची सगळी गल्ली विचारतेय, व्याह्यांना ट्रक विकायला लावलात का म्हणून! उभ्या आयुष्यात कुणाची पेन्सिल घेतली नाही मी! आधी गाडी परत आणा, मगच अक्षता पडतील."

ताई मटकन पायरीवर बसली. जान्हवीच्या हातावर मेंदी काढणं चाललं होतं, तो हात तसाच हवेत राहिला. "मामा," ती म्हणाली, "काय करून ठेवलंस?"

"घाबरू नकोस! पुरावा पाठवतो." मी ताबडतोब ट्रकचा फोटो काढला आणि कृष्णरावांना पाठवला. केबिनचा. आतून.

पुढच्या क्षणी फोन. कृष्णरावांचा आवाज भरून आला होता. "अरेरे! भंगारात दिलीत? तोडायलाही घेतली?"

आता बोलून उपयोग नव्हता. ट्रकच नेऊन दाखवायला हवा होता. "लाव डॅशबोर्ड, निघू आत्ता!" भाऊजी गरजले.

मी डॅशबोर्ड उचलला. सोबत चौरंगही उचलला गेला. मसाला भेगेतून खाली झिरपून असा पक्का बसला होता की व्हिडिओवाल्याने पाहिलं असतं तर अभिमानाने रडला असता.

"माझा रुखवताचा चौरंग!" ताईची किंकाळी अर्ध्या देवासने ऐकली असेल.

आम्ही ओढलं, हाणलं, चुलीवरून भांडं उतरवावं तसं फडक्यानं धरून हिसकलं. हलेना! शेवटी डॅशबोर्ड चौरंगासकट केबिनमध्ये चढवला आणि सुंभाने बांधला. चौरंगाचे चार पाय आमच्याकडे रोखलेले. बैठक आपसूक मिळाली म्हणून ताईने त्या पायांच्या मध्ये पुन्हा गणपती बसवले, आणि कृष्णरावांना सगळं स्वतः सांगायचं म्हणून आमच्या मधे दाटीवाटीने बसली.

देवास ते धार मी काय सोसलं ते मलाच माहीत. आधीचा खडखडाट म्हणजे अंगाई वाटावी! दर खड्ड्याला चौरंगाचा एक पाय माझ्या गुडघ्याला भेटून जायचा. वाटेत घाटाबिल्लोदला वायपर आपोआप सुरू झाले, ते थांबवायला भाऊजींनी बटण दाबलं तर हॉर्न वाजू लागला, आणि पुढे धारपर्यंत वाजतच राहिला.

त्यामुळे दिवे लागायच्या सुमारास कृष्णरावांची सगळी गल्ली आधीच दारात येऊन उभी होती. ताईने खाली उतरून उत्तरपूजेपासून सगळं सांगितलं. कृष्णरावांनी शांतपणे ऐकलं. मग नंबर पाहिला. कागद मागवून त्यावरचं भाऊजींचं नाव वाचलं. आत डोकावून गणपतींना नमस्कार केला.

"दिसतेय तर तीच," ते म्हणाले. "पण चालते का? की ओढून आणलीत? मी स्वतः बसून पाहणार. गल्लीनेही पाहू दे."

माझी जागा त्यांना देताना मला जो आनंद झाला, तो लपवता आला नाही. ट्रक निघाला. किल्ल्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. हॉर्न आधी दूर जाताना ऐकू आला, मग जवळ येताना.

ट्रक थांबला. कृष्णराव उतरले. टोपी मागे फिरलेली, चष्मा एका कानावर, मांडीवर पडलेला स्पीडोमीटर दोन्ही हातांत धरलेला. ताई पुढे सरसावली.

कृष्णरावांनी चष्मा सरळ केला. "लोकहो, अशोकरावांनी गाडी विकलेली नाही! मी खात्री करून घेतली आहे. लग्न ठरल्याप्रमाणे परवा होईल."

ताईने गणपतींना हात जोडले. भाऊजींनी मला मिठी मारली. मीही दोन शब्द ऐकायला मिळतील या आशेनं पुढे झालो. तेवढ्यात कृष्णरावांनी भाऊजींना बाजूला ओढलं आणि कानात, पण मला नीट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले,

"व्याहीबुवा, आता एक माझं ऐका. लग्न लागलं की ही गाडी विकून टाका! लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."