ओटीलियामावशीचा सज्जा

या, बसा. खुर्ची जरा आत घ्या, भिंतीला टेकवून. कॉफी येईस्तोवर एक गोष्ट सांगतो, राज्यं कशी येतात आणि कशी जातात त्याची. मोठमोठ्या पुस्तकांत याची कारणं दिलीत म्हणे. मी पुस्तकं वाचली नाहीत, सज्जा पाहिलाय. राज्य राजाचं असो, लोकांचं असो, कामगारांचं असो, नाहीतर देवाच्या नावाचं, त्याला आधी एक सज्जा लागतो. जमिनीवर उभं राहून बोललं की लोक म्हणतात, हा तर आपला शेजारी, याचं काय ऐकायचं? तोच शेजारी दीड पुरुष उंचीवर चढला की झाली विचारसरणी.

आता आमच्या होर्नी यासेन गावच्या नगरपालिकेला सज्जाच नाही. (नकाशात होता. बांधणारा विसरला. उद्घाटनाच्या दिवशी लक्षात आलं, कारण बोलायला उभं कुठं राहायचं?) अख्ख्या चौकात सज्जा एकच, ओटीलियाच्या बेकरीवरचा. ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्याला बुडाशी एक भेग होती, आणि सज्जाखाली बेकरीचं दार. म्हणजे सज्जा गेला तर दुकान गेलं, आणि दारात कोण उभं असेल तर तोही. ती भेग बुजावी, एवढंच त्या बाईनं जन्मभर मागितलं.

गश्पार गवंडी तिच्याच वयाचा. त्यानं भेगेत बोट घालून सांगितलं, "ओटीलियाबाई, तीन माणसं. चौथा चढला तर सरकार आणि सज्जा एकदमच खाली."

त्याची सोय घरात आधीच झालेली. आमच्याकडे दारात बूट काढायचे आणि घरच्या सपाता घालायच्या, पाहुणा बिशप असला तरी. चौकापलीकडच्या आर्मिन ग्रोस टोपीवाल्यानं लग्नात नमद्याच्या, टोपीच्याच दाबलेल्या लोकरीच्या, सपातांचे तीन जोड दिले होते. तीन जोड, तीन माणसं. युरोपातल्या कुठल्याही राज्यघटनेत एवढी साधी तरतूद मला कुणी दाखवावी.

बादशहाच्या काळी काम सोपं होतं. बादशहा कधी आलाच नाही. त्याच्या वाढदिवसाला पालिकेचा चिटणीस कॉर्नेल ब्लाश्को, तेव्हा कोवळा पोरगा, दोन साहेबांना घेऊन वर यायचा. सज्जाच्या कठड्यावर ओटीलियाच्या पिसांच्या दुलया उन्हात घातलेल्या असायच्या.

"बाई, दुलया काढा! बादशहाचा वाढदिवस आहे."

"पिसांना ऊन लागू दे. त्याचा वाढदिवस दिवसभर आहे."

दुलया निघाल्या की तिघं बाहेर. वर तलवार, छातीवर पदकं, पायात करड्या सपाता. खालून पाय दिसत नाहीत, म्हणून तर राज्य चालतं. एका वर्षी चौथे आले शाळेचे मास्तर. त्यांना सपाता उरल्या नाहीत. ते स्वयंपाकघरात बसले, खसखशीचा रोल खात धुमसत. आणि महायुद्ध संपल्यावर प्रजासत्ताक कुणी जाहीर केलं? मास्तरांनी. तेव्हापासून हा नियम मी पक्का धरलाय: क्रांती उपाशी माणूस करत नाही, सपाता न मिळालेला चौथा माणूस करतो.

मास्तरांना वर घेऊन आला कॉर्नेलच. "बाई, दुलया काढा! स्वातंत्र्य आलंय."

"या, बसा म्हणावं. भेगेचं काय?"

"पहिलंच काम ते!"

लोकशाहीत पक्ष इतके झाले की जिन्यावर रांग लागली. आघाडी सरकार म्हणजे काय, हे ओटीलियाला तेव्हा कळलं: एक सपात एकाच्या पायात, दुसरी दुसऱ्याच्या, आणि दोघंही लंगडत बाहेर. प्रत्येकानं भेगेवर भाषण केलं. एकानं भेग श्रीमंतांमुळं पडली म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं परक्यांमुळं. एकानं भेग नाहीच असं सप्रमाण सिद्ध केलं, तो निवडून आला. गश्पार खाली चुना कालवून उभा होता. चुना वाळला.

मग शिस्तीचे लोक आले. ते बूट न काढताच वर चढले, एवढ्या राज्यांत तेवढेच.

"बूट," ओटीलिया दारात आडवी झाली.

"बाजूला व्हा बाई," कॉर्नेल पुटपुटला. त्याच्या पायातही बूट होते. तो तिच्याकडं न बघता आत गेला.

दुलया त्यांनीच ओढून खाली टाकल्या. त्या दिवशी सज्जावरून गावातल्या ज्यू लोकांची नावं वाचली, स्टेशनवर कुणी कधी हजर व्हायचं ते. आर्मिन ग्रोस आपल्या दुकानाच्या दारात उभा राहून ऐकत होता, हातात कुणाची तरी अर्धी शिवलेली टोपी. टाळ्या मात्र नेहमीएवढ्याच पडल्या. ओटीलियानं सपातांचे तिन्ही जोड कपाटात घालून कुलूप लावलं. आर्मिन परत आला नाही.

ते राज्य गेल्यावर कपाट उघडलं, आणि थोड्याच दिवसांत समतेचं राज्य आलं. समता म्हणजे बेकरी सगळ्यांची, सज्जा सगळ्यांचा, भेगही सगळ्यांची. (म्हणून बुजवायची कुणी, हे ठरवायला समिती. समितीत चार माणसं. पुढचं तुम्हाला कळलंच.) स्वतःच्याच भट्टीवर ओटीलिया नोकर झाली. कॉर्नेल लाल फीत लावून जिना चढला, आता टक्कल पडलेलं.

"मावशी, दुलया काढा! भविष्य आलंय."

"पाय पूस म्हणावं त्याला."

दर मे महिन्यात मिरवणूक, दर मिरवणुकीला भाषण. एकदा गश्पार भाषण चालू असताना खाली शिडीवर चढून भेगेत बोट घालून बसला. पोलिसाला वाटलं, झेंडा लावतोय. उतरला तो पांढराफटक.

"ओटीलियाबाई, आयुष्यभर चुकलो मी. माणसांच्या वजनानं काही होत नाही. तासभर बोलले, कण हलला नाही. टाळ्या वाजल्या की चुना गळतो!"

"म्हणजे इतकी वर्षं…"

"वरचे तिघं निर्दोष आहेत. सज्जा खालचे पाडतायत."

मग एकोणनव्वद सालची ती थंडी आली. लोकांनी चौकात येऊन किल्ल्यांचे जुडगे खुळखुळवले, सरकारनं आता घरी जावं, म्हणून. टाळी एकही नाही. मावशी खिडकीत कान देऊन उभी, त्र्याण्णव वर्षांची. चुन्याचा कण पडला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच एक राज्य तिच्या सज्जाला धक्का न लावता येत होतं. तेवढ्यात जिन्यात धापा टाकत कॉर्नेल.

"मावशी… दुलया… लोकशाही!"

"पुन्हा?"

त्यानं सपाता घातल्या, बाहेर गेला, म्हणाला, "मित्रांनो, आपण जिंकलो!" लोकांनी किल्ल्या खिशात घातल्या, हात मोकळे केले, आणि भेग एका बोटाची दोन बोटं झाली.

बेकरी मावशीला परत मिळाली. गश्पारनं पुन्हा चुना कालवला. पण राजधानीतून साहेब आले, त्यांनी भेगेचे फोटो काढले आणि सांगितलं, हा ऐतिहासिक वारसा आहे. प्रत्येक भेग एका कालखंडाची साक्ष आहे. हात लावला तर खटला. सध्या भेगेखाली पितळी पाटी आहे. पाटीचे चार खिळे नेमके भेगेतच ठोकलेत.

मावशी वर आहे, जागी आहे. संध्याकाळी निवडणुकीची सभा, म्हणून दुलया आताच आत घेतेय. कॉर्नेल येणार, दोन नवी पोरं घेऊन. चौथा एक बाहेरगावचा आहे, त्याला स्वयंपाकघरात बसवणार. त्याच्याकडं जरा लक्ष ठेवा.

आणि एक विनंती. खुर्ची आत घ्या म्हटलं तरी तुम्ही या बेकरीच्या दारातच बसलात, भाषण नीट ऐकू यावं म्हणून. बसा. तुमचे आजोबाही तिथंच उभे असायचे, प्रत्येक वेळी. संध्याकाळी कुणीही काहीही बोलो, आणि माझी ही गोष्टसुद्धा आवडली असली, तर नुसती मान हलवा. हात तेवढे खिशात ठेवा.