डावीकडे बघणारी स्तामेना

स्तामेना चांगली ठणठणीत होती. पण मेलेल्या नवऱ्याच्या कबरीवर दगड उभारायचा तर बायकोचा चेहराही त्याच दगडावर कोरून घ्यायचा, जन्माचं साल घालायचं आणि पुढची जागा मोकळी ठेवायची, ही आमच्या गावची रीत. म्हणून तिने बोरिवोये पाथरवटाला भाच्याच्या लग्नातला फोटो दिला. जन्मात त्या एकाच फोटोत ती बरी दिसली होती.

फोटोत ती विस्तवावर भाजल्या जाणाऱ्या डुकराच्या पिल्लाकडे बघत होती. बोरिवोयेने पिल्लू वगळलं, नजर ठेवली. काळ्या दगडावर द्रागुतिन बिचारा सरळ समोर बघत राहिला आणि त्याची बायको त्याच्याकडे पाठ करून मोठ्या मायेने डावीकडे बघू लागली. डावीकडची कबर वितोमिरच्या बायकोची. तिथे वितोमिरनेही रीतीप्रमाणे आपल्या चेहऱ्याची वेगळी पाटी लावून ठेवली होती. हातात राकिया दारूचा पेला, नजर उजवीकडे.

पितरांच्या शनिवारी बायका जेवणाच्या टोपल्या घेऊन कबरस्तानात आल्या आणि मेणबत्त्या लावायच्या विसरल्या.

"पेला कुणासाठी उचललाय, ते आज कळलं," एकजण म्हणाली.

नणंद पेर्सिदाने टोपलीवर फडकं परत घातलं. "वहिनी, माझा भाऊ मेल्यावर तरी त्याच्याकडे बघायचंस."

"अगं, मी डुकराकडे बघत होते."

"वितोमिरला असं बोलू नये. शेजारी आहे तो."

जाताना पेर्सिदाने बजावलं, की जागा आमच्या घराण्याची आहे, हे असंच राहिलं तर तुला भावाशेजारी पुरू द्यायची नाही. स्तामेनाला रडू कोसळलं. द्रागुतिनशी तिचं सगळ्या गोष्टींवरून भांडण झालं होतं, पण शेवटी शेजारी निजायचं यावर दोघांचं एकमत होतं.

ती पाथरवटाकडे गेली.

"दगड आहे, काकू. पुसून पुन्हा लिहायला," बोरिवोये म्हणाला, "ही काय शाळेतली पाटी आहे? तुम्हाला काढायचं तर काकांनाही उखडावं लागेल. वितोमिरकाकांची पाटी मात्र सुटी आहे."

मग ती वितोमिरकडे गेली. "वितोमिरभाऊ, तोंड फिरवा."

"मी डोंगराकडे बघत होतो. मध्ये तू येऊन बसलीस."

म्हातारा हट्टी. समजूत घालायला तिला रोज जावं लागलं. रोज तो कॉफी ठेवी, आणि रोज समोरच्या खिडकीतला पडदा हले. अखेर तो कबूल झाला. नव्या पाटीवर पेला तोच होता, तोंड मात्र पार पलीकडे.

पुढच्या पितरांच्या शनिवारी बायकांनी दोन्ही दगडांवरच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. एकीने स्तामेनाच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरीने न मागता तिच्या ताटात केकचा मोठा तुकडा वाढला.

पेर्सिदा तिला खेटून बसली. "तू इतकी त्याच्या घरी खेटे घालायचीस आणि शेवटी त्याने तोंड फिरवलं ना? पुरुषाची जात. माझा भाऊ भांडायचा, पण असा नव्हता. तू त्याच्याच शेजारी राहा, वहिनी. कोण अडवतंय बघते मी."

स्तामेनाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं, बाहीतून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.