पेडगावच्या बारवेतले सज्जन

सकाळी दहाच्या सुमाराला मानवतच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत ऊन तिरपं उतरायचं, आणि प्राध्यापक दिनकरराव सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून या जगातून उठून जायचे. खाली काचपट्टीवर, थेंबभर पाण्यात, पॅरामेशियम फिरत असत. एकाच पेशीचा जीव, चपलेच्या तळव्यासारखा, अंगभर बारीक लव. शाईचा थेंब टाकला की हा जीव बिथरतो आणि कातडीखालच्या थैल्यांत भरून ठेवलेले शेकडो बाण एकदम बाहेर सोडतो. पुस्तकात तसं छापलंय आणि जगभरचे पॅरामेशियम पुस्तकाप्रमाणे वागतात.

दिनकररावांचे वागत नसत. पेडगावच्या बारवेतून, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीतून आणलेले, कडबा उकळलेल्या पाण्यावर काचेच्या बरणीत वाढवलेले हे जीव शाई पडली तरी ढिम्म. तीन वर्षं दिनकररावांनी रोज सकाळी शाई टाकली आणि रोज त्यांना भरून आलं. आनुवंशिक बदल! म्युटेशन! पिढ्यान्‌पिढ्या शस्त्र न उचलणारी सज्जनांची जात! कुठल्यातरी बर्फाळ देशातला गोरा पंडित जाड पुस्तक उघडतोय आणि ‘पेडगाव’ म्हणताना त्याची जीभ अडखळतेय, हे दृश्य त्यांना भर वर्गात दिसायचं. मग पोरं हसायची आणि ते जागे व्हायचे.

पीएच.डी. नऊ वर्षं रखडली होती. दोन मार्गदर्शकांनी आधीच हात वर केले होते. तिसरे, औरंगाबादचे डॉ. माणिकराव, ‘एकदा डोळ्यांनी पाहतो, मग ठरवू’ म्हणाले होते. त्यांनीही नकार दिला, तर दारच बंद. म्हणून ते येण्याच्या आदल्या संध्याकाळी दिनकररावांनी खोलीला स्वतः कुलूप घातलं, किल्ली घरी नेली आणि शिपाई मुंजाजीला बजावलं, “उद्या सकाळी तू सरळ स्टँडवर जायचं. सरांना घेऊनच यायचं. खोलीकडं फिरकू नकोस.”

“पण सायेब, सकाळचं...”

“झाडू मी मारीन!”

माणिकराव आले, बसले, चष्मा कपाळावर चढवला. दिनकररावांनी लग्नात अक्षता टाकाव्यात तशी हळुवार शाई टाकली.

“हे काय?” माणिकराव म्हणाले.

दिनकररावांनी पाहिलं. बाण सुटून प्रत्येक जिवाभोवती पांढऱ्या तंतूंचं रान माजलं होतं.

“सर, प्रवासाचा शीण असेल...”

“प्रवास मी केलाय. यांनी नाही.”

शाई बदलली. बाण सुटले. काचपट्टी धुऊन घेतली. बाण सुटले. बरणीच्या तळाचं पाणी घेतलं, तर तिथले जास्तच चवताळलेले. “दिवाळीच लागली की हो,” माणिकराव म्हणाले आणि टोपी शोधू लागले. नऊ वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत निघून चालली होती.

एवढ्यात मुंजाजी चहा घेऊन आला. दोन कप त्यानं दोघांपुढे ठेवले. मग स्वतःच्या पेल्यातला कोरा चहा चमच्यात घेतला आणि चमचा बरणीवर नेला.

“मुंजाजी! काय करायलास?”

“त्यांचा चहा, सायेब. सकाळचा राह्यला. किल्ली तुमी घरी नेली न्हवं का.”

माणिकराव टोपी हातात धरून वळले.

“रोज देतोस?” माणिकरावांनी विचारलं.

“बरणी आली तवापून. आठ वाजता आमी एकलेच असतो हितं. जिवंत जिवापुढं आपण एकट्यानंच चहा कसा प्यावा? लय वंगाळ दिसतं. कोरा असतो, दूध नऊला येतं. पर त्यांची तक्रार न्हाई.”

“मला बोलला नाहीस कधी!” दिनकरराव कसेबसे म्हणाले.

“पाव्हण्याला पाजलेला चहा काय सांगत फिरायचा, सायेब?”

माणिकरावांनी नव्या काचपट्टीवर बरणीतलं पाणी घेतलं आणि त्यात कोऱ्या चहाचा थेंब सोडला. झाडून सगळे बाण सुटले. थोडं थांबून शाई टाकली. ढिम्म.

“चहातला तुरटपणा. आठ वाजता भाता रिकामा, दहाला तुमची शाई. नवे बाण भरायला त्यांना दुपार होत असेल.”

“दोन वाजतेत,” मुंजाजी म्हणाला. “दुपारला परत देऊन भिंगातनं बघितलंय म्या. लय झ्याक दिसतं.”

माणिकराव खो खो हसले. दिनकररावांना हसू येईना. त्यांना सज्जनांची ती जात खरोखर आवडत होती, आणि ती कुठेच नव्हती. निरोप घ्यावा म्हणून त्यांनी बरणीतला एक शेवटचा थेंब घेतला, शाई सोडली आणि डोळा लावला. बाणांचा धुरळा उडाला. त्या धुरळ्यातून एकच जीव, अंगावर एकही तंतू नसलेला, जत्रेत चुकलेल्या माणसासारखा सावकाश चालला होता.

“मुंजाजी,” ते डोळा न उचलता म्हणाले, “खरं सांग. आज चुकून एखाद्याला...”

“एकेकट्याला कसा पाजू, सायेब? आज कुणालाच न्हाई.”

माणिकरावांनी टोपी खाली ठेवली, दिनकररावांना बाजूला सारलं आणि डोळा लावला. मग किती वेळ गेला कुणास ठाऊक, ते उठेचनात. “वेगळा काढा याला,” एवढंच पुटपुटले. “पीएच.डी.च्या नोंदणीचा अर्ज आणलाय ना तुम्ही?”

चहा निवून गेला. मुंजाजीनं बरणीकडं एकदा पाहिलं आणि दोन्ही कप, आपला पेला नि चमचा उचलून गुपचूप पार लांबच्या खिडकीत नेऊन ठेवले.