कुमुदमावशींच्या हातून चुकलेले डबे

आमच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीत कुमुदमावशींना डबा दिला, की तो परत येतो, भरून येतो, पण दुसऱ्याच्याच घरी येतो. आहेरांचा डबा चिवडा भरून कुलकर्ण्यांकडे, कुलकर्ण्यांचं पातेलं कढीसकट आहेरांकडे. स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात. मावशींचं वय सत्तर, पण पेपर त्या चष्म्याशिवाय वाचतात.

बाहेर गेलेल्या भांड्यांसाठी माझ्या वहीत वेगळं पान आहे. घरचे हसतात, पण माझी एक वाटीही आजवर हरवलेली नाही. पुढे मी त्याच पानावर मावशींच्या चुकाही टिपायला लागले. दोन महिन्यांत लक्षात आलं, की डबा चुकतो तो फक्त अबोला असलेल्या घरांतच. आहेर आणि कुलकर्णी तेव्हा पार्किंगवरून एकमेकांकडे बघतही नव्हते. पण घरात आलेला डबा परत करावा लागतो, आणि रिकामा देता येत नाही. तिसऱ्या फेरीला आहेरवहिनी कुलकर्ण्यांकडे चहा पिताना सापडल्या. गाड्या अजून वाकड्याच लागतात.

मी वही घेऊन मावशींच्या दारात उभी राहिले. "मावशी, हे मुद्दाम करता ना?"

"मुद्दाम कशाला? वय झालं गं, वीणा."

"मग भांडलेल्यांचेच डबे बरे चुकतात."

"तुझी वही बंबात घाल आधी," मावशी म्हणाल्या. मग हळूच, "बोलणं थांबलं तरी डबा थांबता कामा नये."

आमचं घरही सुटलं नाही. एकदा ह्यांचं आणि माझं तीन दिवस बोलणं बंद होतं. मावशींनी ह्यांना गेटवर गाठून लाडवांचा डबा दिला. "वीणाला दे. झाकण घट्ट आहे, तिला उघडणार नाही." झाकण अजिबात घट्ट नव्हतं. पण हे इमानेइतबारे डबा धरून बसले, मी झाकण ओढलं, आणि लाडू सोफ्याखाली गेले. ते शोधताना बोलावंच लागलं. डबा मावशींचाच होता. वहीत नोंद केली.

गेल्या महिन्यात मी त्यांची फडताळं आवरायला गेले. सगळ्यात वरच्या फळीवर एक डबा होता. आजूबाजूला धूळ, डबा मात्र लखलखीत. नाव होतं, सौ. विमल, चांदवड.

"ही कोण?"

"धाकटी बहीण." मावशी डाळ निवडत राहिल्या. "आई गेली तेव्हा तिने ह्यात पिठलं पाठवलं होतं. तेराव्याला आमचं वाजलं. शेवटी आईला कोणी सांभाळलं, यावरून. आठ वर्षं झाली."

"आणि डबा परत केला नाही?"

"परत केला की संपलंच ना. इथे आहे तोवर ती मागायला तरी येईल."

शनिवारी मला चांदवडवरून पुढे मालेगावला जायचं होतं. "देते नेऊन," मी म्हटलं. मावशींनी विमलताईंचा पत्ता दिला. शुक्रवारी लाडू वळले, डबा भरला, आणि शनिवारी सकाळी माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे. नाही घेतला तर?"

मी वही उघडली. मावशींचा तो लाडवांचा डबा अजून माझ्याकडेच होता.

चांदवडला विमलताईंनी दार उघडलं. चेहरा मावशींचाच, फक्त जास्त उन्हातला. "कुमुदमावशींच्या शेजारची मी," असं म्हणून डबा पुढे केला. आत माझ्या हातचे लाडू होते. त्यांनी कोरलेलं नाव वाचलं, त्यावरून अंगठा फिरवला.

"हा माझा नाय. अक्काचा हाय."

"अगबाई. चुकलंच माझं."

"मग माझा कुठंय?"

"त्यांच्याकडेच. अगदी घासूनपुसून ठेवलाय."

त्या डबा घेऊन आत गेल्या. मी गाडीत बसले तेव्हा काचेशी आल्या. "अक्काला साखर नाय ना निघाली? गोड चालतं ना?"

"सगळं चालतं," मी म्हटलं.

ह्याला आता नऊ दिवस झाले. वहीत मावशींच्या डब्यापुढे मी "चांदवड" लिहिलंय. काल मावशींनी जिन्यात अडवून विचारलं, "वीणा, माझा डबा तुझ्याकडेच होता ना गं?"

"आठवत नाही हो मावशी," मी म्हटलं. "वय झालं."